मेलच्या लेटरहेडवरची चित्रं दिसत नाहीत तेव्हा

गणपतीच्या आधीची गोष्ट. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी हौसेनं मेलचं निमंत्रण तयार केलं. वर आंब्याच्या पानांचं तोरण, मध्ये सोसायटीचं बोधचिन्ह, तळाला झेंडूची किनार. सगळ्या सभासदांना ते एकदम पाठवलं आणि तासाभरात पहिला फोन आला, "काका, निमंत्रण मिळालं, पण वर नुसती लाल फुली दिसतेय." काकांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर मेल उघडला. तोरण जागेवर, झेंडू जागेवर. "माझ्याकडे सगळं व्यवस्थित आहे, तुमच्याच मशीनमध्ये काहीतरी गडबड असणार," असं त्यांनी पाच-सहा जणांना ठामपणे सांगितलं. मग मला बोलावणं आलं.

सजवलेल्या मेलमध्ये पहिल्यांदा हात घालणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं हेच होतं. माझंही झालं होतं. आपल्याकडे दिसतं म्हणजे चित्र पत्रात आहे, असं आपण धरून चालतो. तिथेच पाय घसरतो.

आधी एक शब्द समजून घेऊ. मेलच्या मजकुरामागे जी तयार नक्षी, रंग, किनार, लेटरहेड लावतात, तिला मेलची भाषा 'स्टेशनरी' म्हणते. आउटलुक एक्सप्रेसच्या काळात हे फार चालायचं. विंडोज एक्सपीवर मेल लिहिणाऱ्यांना ती पानाफुलांची, फिकट ढगांची पानं आठवत असतील. ॲपलच्या मेल प्रोग्रामात ही सोय २००७ साली मॅकच्या लेपर्ड या आवृत्तीबरोबर आली आणि २०१८ साली मोहावी या आवृत्तीबरोबर गेली. विंडोज लाइव्ह मेलचा आधार मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०१७ मध्ये काढून घेतला. आता घरी किंवा संस्थेच्या कार्यालयात स्टेशनरी करायची तर मुख्यतः दोन जागा उरतात: जुन्या धाटणीचं आउटलुक, ज्याला आता 'क्लासिक' म्हणतात, आणि थंडरबर्ड हा दुसरा मेल प्रोग्राम. विंडोजबरोबर हल्ली येणाऱ्या नव्या आउटलुकमध्ये स्टेशनरीचा तो जुना विभाग नाही. तेव्हा तो शोधण्यात संध्याकाळ घालवू नका. पुढचं सगळं या दोन प्रोग्रामांना धरून लिहिलं आहे. मेल वाचणारा मात्र जीमेलवर, फोनवर, कुठेही असू शकतो.

पत्रात असतो तो चित्राचा पत्ता

सजवलेला मेल म्हणजे एक छोटं वेबपान. मजकूर त्याच्या पोटात असतो, पण चित्राच्या जागी फक्त एक ओळ असते: 'इथे अमुक ठिकाणचं चित्र आणून लाव.' ते अमुक ठिकाण कोणतं, हे त्या ओळीत 'एसआरसी' या तीन इंग्रजी अक्षरांपुढे लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याचा प्रोग्राम त्या पत्त्यावर जातो, चित्र सापडलं तर लावतो, नाही सापडलं तर फुली किंवा रिकामी चौकट दाखवतो.

काकांच्या निमंत्रणात तोरणाचा पत्ता होता त्यांच्याच सी ड्राइव्हमधला. त्यांच्या कॉम्प्युटरला तो सापडत होता, कारण ड्राइव्ह त्याच्याच पोटात होता. डोंबिवलीतल्या जावयाच्या लॅपटॉपनंही इमानदारीत आपल्या सी ड्राइव्हमध्ये शोधलं. तिथे तोरण कुठून असणार? लग्नपत्रिकेवर 'माझ्या कपाटातला गणपती पाहा' असं लिहून पाठवावं, तशातला प्रकार.

म्हणून सेटिंग्ज उलटीपालटी करण्याआधी पत्ता वाचायला शिका. बाकीचं त्यावरून आपोआप ठरतं.

पहिली पायरी: कुणाला दिसत नाही?

एक मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवा आणि फोनवर उघडा. ज्या कॉम्प्युटरवर स्टेशनरी तयार केली तिथे उघडू नका. तिथली तपासणी ही तपासणीच नव्हे.

पाठवणाऱ्याला दिसतं आणि बाकी कुणालाच दिसत नाही, असं असेल तर पत्ता घरचा आहे. लिहितानाच तुम्हाला दिसत नसेल तर फाइल हरवली आहे, नाव चुकलं आहे किंवा प्रोग्रामानं चित्रं झाकली आहेत. काहींना दिसतं, काहींना नाही, असं असेल तर चित्र बहुधा इंटरनेटवरून येतंय आणि वाचणाऱ्याच्या प्रोग्रामानं ते अडवलंय, किंवा चित्राचा प्रकार त्याला पचत नाही.

पाठवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसूनच पारख करायची असेल तर माझी एक युक्ती आहे. मेल पाठवून झाला की चित्रांच्या फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला, प्रोग्राम बंद करून परत उघडा आणि पाठवलेल्या मेलांत तो मेल पाहा. तोरण गायब झालं तर ते पत्रात गेलंच नव्हतं. नंतर नाव पूर्ववत करायला विसरू नका. मी एकदा विसरलो आणि दुसऱ्या दिवशी नवाच बिघाड झाला म्हणून तासभर शोधत बसलो.

दुसरी पायरी: मेलचं पोट उघडा

नवख्यांना याची भीती वाटते, पण इथे फक्त वाचायचं असतं, काही बिघडत नाही. जीमेल कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये उघडा. मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर टिचकी मारली की 'शो ओरिजिनल' मिळेल. थंडरबर्डमध्ये मेल निवडून कंट्रोल आणि यू ही बटणं एकत्र दाबा. क्लासिक आउटलुकमध्ये मेल स्वतंत्र खिडकीत उघडून मजकुरावर उजवी टिचकी मारा आणि 'व्ह्यू सोर्स' घ्या.

समोर इंग्रजी अक्षरांचा ढीग येईल. तो सगळा वाचायचा नाही. कंट्रोल आणि एफ दाबून 'एसआरसी' ही अक्षरं रोमन लिपीत शोधा आणि त्यापुढचे पहिले पाच-सहा वर्ण पाहा. काही मेलांत मजकूर गुंडाळलेला असतो आणि जीमेलच्या त्या पानावर नुसती अर्थहीन अक्षरं दिसतात. तसं झालं तर आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये पाहा. थंडरबर्डमध्येही गुंडाळलेलंच दिसलं तर त्या मेलला उत्तर द्यायची खिडकी उघडा, चित्रावर दोनदा टिचकी मारा, पत्ता चौकटीत दिसेल.

तिसरी पायरी: पत्ता कोणत्या जातीचा?

पत्त्याची सुरुवात 'फाइल' या शब्दानं, त्यापुढे अपूर्णविराम आणि तीन तिरक्या रेघा, किंवा थेट सी ड्राइव्हच्या नावानं झाली असेल तर हा घरचा पत्ता. काकांचा रोग हाच. यात आणखी एक गंमत असते. अशा पत्त्यात कॉम्प्युटरच्या युजरचं नाव आणि फोल्डरांची नावं जशीच्या तशी बाहेर जातात. एका संस्थेच्या निमंत्रणातला चित्राचा पत्ता 'जुनी भांडणं' नावाच्या फोल्डरातून आलेला मी पाहिला आहे.

'सीआयडी' आणि अपूर्णविराम असेल तर खूण चांगली. पोलिसांशी याचा संबंध नाही, 'कंटेंट आयडी'चं ते लघुरूप. चित्र मेलसोबतच पाठवलं आहे आणि त्याला एक ओळखखूण दिली आहे, असा त्याचा अर्थ. ही पद्धत १९९८ मध्येच ठरलेली आहे आणि जवळजवळ सगळे प्रोग्राम ती ओळखतात. तरीही चित्र दिसत नसेल तर खाली स्क्रोल करून 'कंटेंट-आयडी'ची ओळ शोधा. तिथल्या टोकदार कंसातली खूण वरच्या खुणेशी अक्षरशः जुळायला हवी. जुन्या मेलमधून मजकूर उचलून नव्यात चिकटवला की खूण येते आणि चित्र मागेच राहतं. असं झालं की जुळवत बसू नका, चित्र काढून टाका आणि मूळ फाइलीतून नव्यानं घाला.

'एचटीटीपीएस'नं सुरू होणारा पत्ता म्हणजे चित्र कुठल्यातरी वेबसाइटवर ठेवलंय आणि प्रत्येक वाचणारा ते तिथून ओढून घेणार.

चौथा प्रकार 'डेटा' या शब्दानं सुरू होतो आणि त्यापुढे अक्षरांची न संपणारी माळ असते. इंटरनेटवरचे काही मोफत साचे असे बनवलेले असतात, कारण वेबपानात ही युक्ती छान चालते. पण जीमेल आणि क्लासिक आउटलुक असं चित्र दाखवत नाहीत. साचा असा असेल तर त्यातलं चित्र वेगळं साठवून घ्या आणि नेहमीच्या रीतीनं घाला.

कधी कधी 'आयमॅप' किंवा 'मेलबॉक्स'नं सुरू होणारे पत्तेही भेटतात. थंडरबर्डमधल्या आलेल्या मेलवरून चित्र कॉपी करून नव्या मेलमध्ये चिकटवलं की कधी असं होतं. तो पत्ता तुमच्या मेलपेटीतला असतो, तेव्हा इलाज घरच्या पत्त्याचाच.

आउटलुकमध्ये दुरुस्ती

क्लासिक आउटलुकमध्ये स्वतःची स्टेशनरी जिथे ठेवायची ते फोल्डर लपलेलं असतं. विंडोज आणि आर ही बटणं दाबा, उघडलेल्या चौकटीत टक्केवारीच्या दोन चिन्हांच्या मध्ये 'ॲपडेटा' हा शब्द रोमन लिपीत लिहून एंटर मारा. मग मायक्रोसॉफ्ट नावाच्या फोल्डरात जाऊन 'स्टेशनरी' शोधा. यातली एचटीएम फाइल म्हणजे तुमचं पान. ते लावायचं असेल तर 'फाइल', 'ऑप्शन्स', 'मेल' आणि 'स्टेशनरी अँड फॉन्ट्स' या वाटेनं जा.

नेमकी चूक इथे होते. पान वर्डमध्ये तयार करून 'वेब पेज' म्हणून साठवलं की वर्ड दोन गोष्टी करतं: एक एचटीएम फाइल आणि तिच्याच नावाचं, मागे 'फाइल्स' लागलेलं एक फोल्डर. चित्रं त्या फोल्डरात असतात. लोक नुसती एचटीएम फाइल उचलून स्टेशनरीच्या जागी नेतात आणि जोडीदाराला डेस्कटॉपवरच सोडतात. मग लिहितानाच फुल्या दिसतात. दोन्ही एकत्र हलवा आणि हलवल्यावर दोघांपैकी कुणाचंही नाव बदलू नका.

नवख्या माणसाला मात्र मी हा मार्ग सुचवणारच नाही. त्यापेक्षा साचा करा. नवा मेल उघडा, 'फॉरमॅट टेक्स्ट'मध्ये 'एचटीएमएल' निवडलंय याची खात्री करा, 'इन्सर्ट' आणि 'पिक्चर्स'मधून तोरण घाला. फाइल निवडण्याच्या चौकटीत 'इन्सर्ट' बटणाशेजारी छोटा बाण असतो. त्यात 'लिंक टू फाइल' निवडलं गेलं तर पुन्हा घरचा पत्ता जातो, म्हणून साधं 'इन्सर्ट'च घ्या. सगळं मनासारखं झालं की 'सेव्ह ॲज'मध्ये 'आउटलुक टेम्प्लेट' हा प्रकार निवडून साठवा. चित्रं त्या एकाच फाइलीच्या पोटात जातात, वेगळं फोल्डर सांभाळावं लागत नाही. पुढच्या वेळी 'न्यू आयटम्स', 'मोअर आयटम्स', 'चूझ फॉर्म' असं जाऊन वरच्या यादीत 'युजर टेम्प्लेट्स इन फाइल सिस्टिम' घेतलं की साचा हजर.

आउटलुकमध्येच चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत असतील तर 'ऑप्शन्स', 'मेल', 'एडिटर ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड' इथे 'शो पिक्चर प्लेसहोल्डर्स' या ओळीपुढे खूण आहे का पाहा. असेल तर काढा. चित्र असतंच, प्रोग्रामाला ते झाकायला सांगितलेलं असतं.

'रिच टेक्स्ट' या प्रकारापासून लांब राहा. त्यात पाठवलेला मेल बाहेरच्या माणसाला 'विनमेल डॉट डॅट' नावाच्या विचित्र जोडणीसह मिळू शकतो आणि ती उघडत नाही. 'प्लेन टेक्स्ट'मध्ये तर चित्राला जागाच नसते.

थंडरबर्डमध्ये दुरुस्ती

इथे काम सोपं आहे. मेल लिहिताना 'इन्सर्ट'मधून 'इमेज' घ्या आणि फाइल निवडल्यावर 'अटॅच धिस इमेज टू द मेसेज' या ओळीपुढे खूण असल्याची खात्री करा. ही एक खूण नसली की घरचा पत्ता बाहेर जातो. जुळून आलं की मेल 'टेम्प्लेट' म्हणून साठवा.

तयार एचटीएमएल साचा चिकटवलात तर वर पिवळी पट्टी येऊ शकते: थंडरबर्डनं एक फाइल अडवली आहे, ती मोकळी केलीत तर मेलबरोबर जाईल. घाबरण्यासारखं यात काही नाही. अनोळखी साच्यानं तुमच्या कॉम्प्युटरवरची भलतीच फाइल गुपचूप पाठवू नये यासाठीची ती राखण आहे. फाइलचं नाव वाचा, ती तुमची तोरणाचीच असेल तर मोकळी करा.

वाचताना नक्षी दिसत नसेल तर 'व्ह्यू' आणि 'मेसेज बॉडी ॲज' पाहा. तिथे 'सिंपल एचटीएमएल' निवडलं असेल तर सजावट गाळली जाते, 'ओरिजिनल एचटीएमएल' हवं.

चित्र वेबसाइटवर ठेवलं असेल तर

पत्ता उचलून ब्राउझरच्या खासगी खिडकीत, म्हणजे जिथे तुम्ही कशातही लॉगिन केलेलं नाही अशा ठिकाणी, उघडा. पडद्यावर फक्त चित्र यायला हवं. लॉगिनचं पान आलं, किंवा चित्राभोवती बटणं असलेलं पान आलं, तर तो पत्ता उपयोगाचा नाही. गुगल ड्राइव्हच्या 'शेअर'मधून मिळणारी लिंक अशीच असते. ती चित्र दाखवणाऱ्या पानाची लिंक आहे, चित्राची नव्हे. मेलला पान नको असतं.

दुसरा सापळा कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा. आपल्या देवनागरीत ही भानगडच नाही, त्यामुळे लक्षात राहत नाही. विंडोजला दोन्ही सारखीच वाटतात, पण बहुतेक वेबसाइटी ज्या लिनक्सवर चालतात तिथे फरक पडतो. कॅमेऱ्यानं फाइलच्या शेपटीला मोठ्या अक्षरांत 'जेपीजी' लिहिलं आणि तुम्ही पत्त्यात लहान अक्षरांत, की चित्र सापडत नाही. सगळी नावं लहान रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा.

मराठी नावाचा मोह इथे टाळा. 'तोरण' हे नाव पत्त्यात जाताना प्रत्येक अक्षराचे आणि मात्रेचे टक्केवारीच्या चिन्हांसकट नऊ-नऊ वर्ण होतात. एवढ्याशा शब्दाचे छत्तीस वर्ण! ब्राउझरला ते कळतं, पण वाटेतल्या प्रत्येक जुन्या प्रोग्रामाला कळेल याचा भरवसा नाही.

जीमेलविषयी एक जास्तीची माहिती. डिसेंबर २०१३ पासून जीमेल बाहेरची चित्रं स्वतःच्या सर्व्हरवरून आणून दाखवतं. त्यामुळे चित्र कार्यालयातल्या अंतर्गत सर्व्हरवर असेल तर कार्यालयात सगळ्यांना दिसेल, जीमेलवर कुणालाच नाही, कारण गुगलचा सर्व्हर तुमच्या कार्यालयाच्या भिंतीआड पोचत नाही. त्याच नावानं चित्र बदललंत तर जुनंच दिसत राहू शकतं. नवं चित्र नव्या नावानं चढवा.

आणि वेबसाइट बदलली, फोल्डर हललं, डोमेनचे पैसे भरायचे राहिले, की आजवर पाठवलेल्या सगळ्या मेलांतली चित्रं एका फटक्यात जातात. लहान संस्थेनं म्हणूनच चित्र मेलसोबत पाठवावं, असं माझं मत आहे. मोठ्या कंपन्यांना वेबसाइट परवडते, कारण मेल कुणी उघडला हे त्यांना त्या चित्रावरूनच मोजायचं असतं. याच हेरगिरीमुळे बरेच प्रोग्राम बाहेरची चित्रं आधी अडवतात आणि मग विचारतात.

वाचणाऱ्याला काय सांगायचं

पत्ता ठीक आहे आणि तरी एखाद्याला दिसत नाही, तर त्याला फोनवर एवढं विचारा. आउटलुकमध्ये मेलच्या वर चित्रं उतरवून घेण्याविषयीची पट्टी आहे का? त्यावर टिचकी मारायला सांगा. कायमची सेटिंग 'ट्रस्ट सेंटर'मधल्या 'ऑटोमॅटिक डाउनलोड'मध्ये असते, पण लोकांना ती सरसकट उघडायला लावू नका, तुमच्या पत्त्यापुरतीच परवानगी द्यायला सांगा. थंडरबर्डमध्येही अशीच पट्टी येते. जीमेलमध्ये 'सेटिंग्ज'च्या पहिल्याच पानावर 'इमेजेस' नावाची ओळ असते, तिथे 'आस्क बिफोर' असेल तर प्रत्येक वेळी परवानगी मागितली जाते. मेल 'स्पॅम'मध्ये पडला असेल तर आधी तो तिथून बाहेर काढायला सांगा.

पार्श्वभूमीची नक्षी

जुनी स्टेशनरी करणाऱ्यांचं मन इथे मोडतं. मजकुरामागे फिकट कमळ, किंवा पानभर पसरलेली वारली चित्रं, असं काही त्यांना हवं असतं. आउटलुक २००३ पर्यंत मेल दाखवण्याचं काम इंटरनेट एक्सप्लोररचं यंत्र करायचं आणि पार्श्वभूमी छान यायची. २००७ पासून हे काम वर्डच्या यंत्राकडे गेलं आणि आधुनिक पद्धतीनं लावलेलं पार्श्वभूमीचं चित्र त्याला समजेना. फोनवरच्या प्रोग्रामांची तऱ्हा आणखी निराळी. यावर आडवळणाचे उपाय आहेत, पण नवख्यानं त्या वाटेला जाऊ नये.

त्यापेक्षा एका स्तंभाचा आणि तीन ओळींचा तक्ता करा. वरच्या ओळीत तोरण साधं चित्र म्हणून, मधल्या ओळीत मजकूर, खालच्या ओळीत झेंडू. तक्त्याला हळदीसारखा फिका रंग द्या. रंग सहसा पोचतो. रुंदी सहाशे पिक्सेलच्या आसपास ठेवा, मेलच्या सजावटीत हाच आकडा वर्षानुवर्षं चालत आला आहे.

चित्रच बिघडलेलं असेल तर

बोधचिन्ह बहुधा पत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडून येतं. तो देतो कोरलड्रॉची फाइल, नाहीतर छपाईसाठीच्या चार रंगांतली जेपीजी. पहिली मेलमध्ये दिसतच नाही. तिचं नाव बदलून शेवटी 'जेपीजी' लावल्यानं ती जेपीजी होत नाही, हे मला एकाला तीनदा सांगावं लागलं. दुसरीचे रंग काही ठिकाणी भडक किंवा विटके येतात. त्याच्याकडे सरळ मागा: पडद्यासाठीचे आरजीबी रंग, पीएनजी, बाराशे पिक्सेल रुंद.

फोटोंसाठी जेपीजी, बोधचिन्हासाठी पीएनजी, एवढंच धरा. आयफोनवरून आलेली 'एचईआयसी' फाइल आधी जेपीजी करून घ्या. 'एसव्हीजी' जीमेलला चालत नाही आणि 'वेबपी' जुन्या आउटलुकला ओळखता येत नाही. विंडोज फाइलचं शेपूट लपवतं, त्यामुळे कधी 'जेपीजी'ला दुसरं 'जेपीजी' चिकटलेलं असतं. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्सटेन्शन्स' चालू करून एकदा नजर टाका.

आकारही पाहा. मेलमधून जाताना चित्राच्या दर तीन बाइटांचे चार होतात, म्हणजे तीनशे केबीचं चित्र चारशे केबी होतं. फोनवरचा चार हजार पिक्सेलचा फोटो तसाच घातलात तर मेल अनेक एमबींचा होतो, आणि जीमेलची मर्यादा २५ एमबींची आहे. आधी लहान करून मग घाला. मेलमध्ये घातल्यावर कोपरा ओढून लहान दिसलेलं चित्र वजनानं तसंच राहू शकतं.

मजकुराचंही वजन असतं. जीमेल १०२ केबींपुढचा मजकूर कापतं आणि खाली 'व्ह्यू एंटायर मेसेज' अशी ओळ दाखवतं. वर्डनं तयार केलेल्या पानात न दिसणारा पसारा खूप असतो, त्यामुळे साधं निमंत्रणही इथपर्यंत जाऊ शकतं. वरचं तोरण दिसतं आणि खालचे झेंडू नाहीत, अशी तक्रार आली तर आधी ती ओळ शोधा.

मराठी मजकूर चित्रात घालण्याविषयी

हा प्रकार आपल्याकडेच जास्त, म्हणून दोन शब्द. वर्षानुवर्षं लेटरहेड श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली आहेत. तोच मजकूर मेलमध्ये चिकटवला की समोरच्याकडे तो फॉन्ट नसतो आणि त्याला इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्यावर शोधलेला तोडगा म्हणजे संपूर्ण पत्राचंच चित्र करून पाठवायचं. अक्षरं सुंदर दिसतात खरी, पण चित्र अडलं तर समोर कोरा कागद. तारीख नाही, वेळ नाही, काहीच नाही. ते शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही, आणि दिसत नसलेल्या माणसाचा स्क्रीन रीडर तिथे मुका होतो.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना आणि फोनांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत टंका. विंडोजवर निर्मला यूआय किंवा जुना मंगल फॉन्ट असतोच, फोनवरही देवनागरी असते. अक्षरांचा थाट थोडा कमी होईल, पण आरतीची वेळ कळेल. फारच हौस असेल तर फक्त '॥ श्री गणेशाय नमः ॥' एवढी ओळ चित्रात ठेवा. प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूरही लिहा. आउटलुकमध्ये चित्रावर उजवी टिचकी मारून, थंडरबर्डमध्ये चित्राच्या चौकटीतच तो लिहिता येतो. चित्र आलं नाही तर निदान 'आंब्याच्या पानांचं तोरण' असं वाचायला मिळतं.

पाठवण्याआधीची फेरी

सगळ्यांना पाठवण्याआधी चार ठिकाणी पाठवा: ब्राउझरमधलं जीमेल, फोन, एखाद्या नातेवाइकाचं आउटलुक, आणि असाच एक माणूस जो कधीच कुठली सेटिंग बदलत नाही. चौथा सगळ्यात महत्त्वाचा. त्यांच्यापैकी एकाला मेल पुढे पाठवायला सांगा, कारण निमंत्रणं फॉरवर्ड होतातच आणि कधी कधी त्यात चित्रं गळतात.

काकांचं दुसरं निमंत्रण या फेरीतून गेलं. तोरण पोचलं, झेंडू पोचले. फक्त त्यांच्या नातीचा मेसेज आला: "आजोबा, लोगोतलं नाव कुठे आहे?" तिच्या फोनवर डार्क मोड होता. पारदर्शक पीएनजीवरची काळी अक्षरं काळ्या पडद्यात विरघळली होती. चित्र आलेलं होतं, पत्ता बरोबर होता, तरी नाव दिसेना. बोधचिन्हामागे पांढरी चौकट भरून फाइल पुन्हा साठवली, साच्यात जुनी काढून नवी घातली आणि चाचणीची फेरी पुन्हा पहिल्या फोनपासून सुरू केली.